जॅझ संगीतातील जटिलता आणि मुंबईचे गोमंतकीय वादक : एक तुलनात्मक-ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

संगीताविषयीच्या चर्चेत 'जटिल' आणि 'सोपे' ही दोन विशेषणे सहजपणे वापरली जातात. शास्त्रीय संगीत जटिल, भावगीत सोपे. पाश्चात्त्य सिंफनी जटिल, चित्रपटगीत सोपे, अशी मांडणी आपल्या अंगवळणी पडलेली आहे. ही विशेषणे केवळ वर्णन करीत नाहीत, तर ती श्रेणीही ठरवितात. कोणते संगीत अभ्यासक्रमात घ्यावे, कोणत्या वादकाचे नाव ग्रंथात नोंदवावे आणि कोणाला निव्वळ 'साथीदार' म्हणून सोडून द्यावे, याचे निर्णय बहुधा याच विशेषणांच्या आधारे घेतले गेले आहेत.

जॅझ हे या दृष्टीने विशेष अभ्यासनीय संगीत आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स परिसरात कृष्णवर्णीय समाजात ते आकाराला आले. १९१७ मध्ये त्याची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली, आणि पुढील दोन दशकांत ते जगातील प्रमुख बंदरांच्या शहरांत पोहोचले. प्रारंभी नाचगाण्याचे, हलक्या दर्जाचे संगीत म्हणून हिणवले गेलेले जॅझ अर्ध्या शतकात विद्यापीठीय अभ्यासाचा विषय झाले. या प्रवासातील एक महत्त्वाचे स्थानक मुंबई हे होते. तेथे जॅझ वाजविणारे वादक प्रामुख्याने गोमंतकीय होते आणि त्यांच्याच हातून हिंदी चित्रपटसंगीताचा वाद्यवृंद घडला. जॅझच्या जटिलतेचा प्रश्न महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासाशी जोडला जातो तो या वादकांमुळे.

उद्दिष्टे :

प्रस्तुत शोधनिबंधाची उद्दिष्टे तीन आहेत. (१) जॅझ संगीतातील जटिलता नेमकी कोठे आहे, हे हिंदुस्थानी, पाश्चात्त्य अभिजात आणि चित्रपट संगीताच्या तुलनेत स्पष्ट करणे. (२) १९३५ नंतरच्या मुंबईत ही जटिलता गोमंतकीय वादकांनी कशी आत्मसात केली व चित्रपटसंगीतात कशी उतरविली, याचा मागोवा घेणे. (३) जटिलतेच्या रूढ श्रेणीमुळे या वादकांच्या श्रेयावर काय परिणाम झाला, याचा विचार करणे.

जटिलतेची संकल्पना :

'जटिल' आणि 'क्लिष्ट' हे शब्द व्यवहारात समानार्थी वापरले जात असले, तरी त्यांत भेद करणे आवश्यक आहे. क्लिष्टता म्हणजे समजण्यातील वा करण्यातील अडचण. जटिलता म्हणजे अनेक पदरांची परस्परांत झालेली गुंफण. एखादी रचना वाजविण्यास अवघड असूनही एकपदरी असू शकते आणि वाजविण्यास सोपी वाटणारी रचना अनेकपदरी असू शकते.

ज्येष्ठ संगीतशास्त्रज्ञ अशोक दा. रानडे (१९३७–२०११) यांनी संगीताची आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम अशी कोटिव्यवस्था मांडली. या व्यवस्थेचे वैशिष्ट्य असे की, तीत कोटी एकमेकींच्या वर-खाली नसून शेजारी-शेजारी आहेत. प्रत्येक कोटीचे प्रयोजन वेगळे, श्रोता वेगळा आणि म्हणून कसोटीही वेगळी. जॅझचा विचार करताना ही दृष्टी उपयुक्त ठरते. कारण जॅझ एकाच वेळी जनसंगीत आहे, कलासंगीत आहे आणि आफ्रिकी व युरोपीय परंपरांच्या मिलाफातून जन्मल्यामुळे संगमसंगीतही आहे.

तुलनेसाठी येथे चार अंगे विचारात घेतली आहेत : स्वरसंवाद, स्वरविस्तार, लय आणि उपज.

स्वरसंवादाचे अंग :

हिंदुस्थानी संगीतात षड्ज अचल असतो. तंबोरा त्याची सतत आठवण करून देतो आणि रागातील प्रत्येक स्वराचा अर्थ त्या षड्जाच्या नात्याने ठरतो. पाश्चात्त्य संगीतात, आणि म्हणून जॅझमध्येही, अनेक स्वर एकाच वेळी वाजवून स्वरगुच्छ, म्हणजेच कॉर्ड, तयार केली जाते. या कॉर्ड ठरावीक क्रमाने बदलत राहतात. हा फरक हार्मोनियमवर सहज अनुभवता येतो. सा-ग-प हा गुच्छ दाबला तर त्यात 'सा' हा पायाचा स्वर असतो. म-ध-सा दाबला तर तोच 'सा' पाचव्या जागी जातो आणि ध-सा-ग दाबला तर तिसऱ्या जागी. स्वर तोच राहतो, मात्र त्याचे घर बदलते. जॅझवादकाला सुरावट रचताना दर एक-दोन क्षणांनी बदलणाऱ्या या घरांचे भान ठेवावे लागते.

१९४० च्या दशकात चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी आदी वादकांनी न्यूयॉर्कमध्ये घडविलेल्या 'बीबॉप' शैलीत हे बदल अत्यंत वेगवान झाले. या प्रवृत्तीचे टोक जॉन कोल्ट्रेन यांच्या 'जायंट स्टेप्स' या १९५९ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या रचनेत दिसते. या रचनेत तीन स्वरकेंद्रे आहेत. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर सा, शुद्ध गंधार आणि कोमल धैवत या तिन्ही ठिकाणी आळीपाळीने षड्ज सरकत राहतो. चार-चार मात्रांच्या सोळा खंडांचे हे आवर्तन मूळ ध्वनिमुद्रणात सुमारे तेरा-चौदा सेकंदांत संपते. टॉमी फ्लॅनगन यांच्यासारख्या अनुभवी पियानोवादकाचे वादनही त्या ध्वनिमुद्रणात अडखळलेले ऐकू येते.

येथे थांबले तर जटिलता म्हणजे कॉर्डची संख्या, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. परंतु त्याच १९५९ मध्ये, त्याच कोल्ट्रेन यांचा सहभाग असलेला माइल्स डेव्हिस यांचा 'काइंड ऑफ ब्लू' हा संग्रह ध्वनिमुद्रित झाला. त्यातील 'सो व्हॉट' या रचनेत बत्तीस खंडांच्या आवर्तनात मोजके दोन स्वरसप्तक आहेत, आणि दोन्ही आपल्या काफी थाटाशी मिळतेजुळते आहेत. कॉर्ड जवळजवळ थांबलेल्या असल्यामुळे वादकाला एकाच स्वरसप्तकात दीर्घकाळ राहून आशय निर्माण करावा लागतो. ही अडचण रागगायकाच्या परिचयाची आहे. आधार कमी झाल्याने काम सोपे होत नाही, उलट कल्पकतेवरील भार वाढतो. एकाच वर्षी, एकाच वादकाने दोन विरुद्ध दिशांनी केलेले हे काम पाहता जटिलता एका मोजपट्टीने मोजता येत नाही, हे स्पष्ट होते.

स्वरविस्तार, लय आणि उपज :

स्वरविस्ताराच्या बाबतीत हिंदुस्थानी संगीत जॅझपेक्षा अधिक सूक्ष्म आहे, हे मान्य करावे लागेल. रागात स्वरांची निवड पुरेशी नसते. आरोह-अवरोह, वादी-संवादी, न्यासस्थाने, मींड, कण, आंदोलन या सर्वांचे नियमन असते. दरबारी कानड्याचा कोमल गंधार आणि जौनपुरीचा कोमल गंधार पेटीवर एकाच पट्टीचे असले, तरी गाताना ते दोन वेगळे स्वर असतात. जॅझमध्येही 'ब्लू नोट' नावाची किंचित उतरलेली, दोन पट्ट्यांच्या मधली स्वरस्थाने आहेत आणि ती आफ्रिकी गायनपरंपरेतून आली आहेत. मात्र त्यांचे रागासारखे तपशीलवार शास्त्र निर्माण झाले नाही.

लयीच्या बाबतीत तुलना अधिक बोलकी आहे. जॅझची मूळ चौकट बहुधा चार मात्रांची असते. आपल्या तालव्यवस्थेच्या तुलनेत ती साधी वाटेल. रूपक सात मात्रांचा, झपताल दहा मात्रांचा आणि एकताल बारा मात्रांचा. विलंबित एकतालाचे एक आवर्तन तर पाऊण ते एक मिनिट चालू शकते. शिवाय तिहाई, लयकारी यांचे गणित वेगळेच. जॅझची लयविषयक जटिलता मात्रांच्या संख्येत नसून मात्रेच्या आत आहे. 'स्विंग' या नावाने ओळखली जाणारी लय मात्रेचे दोन असमान भाग करते, पहिला लांब आणि दुसरा आखूड. हे प्रमाण वेगानुसार आणि वादकानुसार बदलते, म्हणून ते स्वरलिपीत अचूक उतरविता येत नाही. ते ऐकूनच शिकावे लागते. तमाशातील ढोलकी किंवा अंबाजोगाईच्या योगेश्वरीच्या गोंधळातील संबळ ज्याने जवळून ऐकली आहे, त्याला हे निराळे सांगण्याची गरज नाही. ठेका लिहून देता येतो, पण त्याचा झोक लिहिता येत नाही.

उपज हे अंग जॅझ आणि हिंदुस्थानी संगीताला सर्वांत जवळ आणणारे आहे. आपल्याकडे ठेका व बंदिश यांची चौकट स्थिर ठेवून गायक बढत करतो. जॅझमध्ये बारा किंवा बत्तीस खंडांचे कॉर्डचक्र स्थिर ठेवून वादक सुरावट रचतो आणि आवर्तन पूर्ण होताच पुन्हा आरंभस्थानी येतो. आपण 'समेवर येणे' म्हणतो त्याचेच हे भावंड होय. निरर्थक अक्षरांनी केलेले गायनही दोन्हीकडे आहे. आपला तराणा आणि लुई आर्मस्ट्राँग यांनी १९२६ च्या ध्वनिमुद्रणानंतर लोकप्रिय केलेले 'स्कॅट' गायन यांची वृत्ती एकच आहे. पाश्चात्त्य अभिजात संगीतात मात्र जटिलता प्रामुख्याने लिखित रचनेत असते. बाख यांच्या फ्यूगमध्ये एकच स्वरविषय तीन-चार स्वतंत्र आवाजांत गुंफला जातो आणि ती गुंफण आधीच कागदावर पूर्ण झालेली असते.

जर्मन तत्त्वचिंतक थिओडोर अडोर्नो यांनी १९३६ च्या आपल्या निबंधात जॅझमधील उपज ही आभासी आहे, ठरीव साच्यावरची ती केवळ नक्षी आहे, असे प्रतिपादन केले. ही टीका गंभीर असली तरी अपुरी आहे. चौकट ठरीव असणे हा दोष मानला, तर ठेका आणि बंदिश यांवर उभे असलेले सारे ख्यालगायनही त्याच दोषास पात्र ठरेल. याउलट गुंथर शुलर यांनी १९५८ मध्ये सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्स यांच्या एका ध्वनिमुद्रणाचे विश्लेषण करून दाखविले की, उत्स्फूर्त वादनातही एका बीजकल्पनेचा सुसंगत विकास असू शकतो. हेच रॉलिन्स १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात योग व अध्यात्माच्या अभ्यासासाठी मुंबईजवळील पवई येथील आश्रमात राहिले होते.

मुंबईतील जॅझ आणि गोमंतकीय वादक :

१९३५ च्या अखेरीस अमेरिकन व्हायोलिनवादक लिऑन अॅबी यांचा कृष्णवर्णीय वादकांचा वाद्यवृंद मुंबईच्या ताज महाल हॉटेलमध्ये दाखल झाला. त्यानंतर ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड यांनी तेथे वादन केले. वेदरफर्ड पुढे कलकत्त्यास गेले आणि १९४५ मध्ये तेथेच निवर्तले. मायदेशात वर्णभेदाचा जाच सोसणाऱ्या या कलावंतांना मुंबईच्या युरोपीय व धनिक भारतीय श्रोत्यांसमोर मानाचे स्थान मिळाले. या कालखंडाचा तपशीलवार इतिहास नरेश फर्नांडिस यांनी 'ताज महाल फॉक्सट्रॉट' (२०१२) या ग्रंथात मांडला आहे.

या अमेरिकन वादकांच्या सान्निध्यात जे स्थानिक वादक घडले, त्यांत गोमंतकीयांची संख्या मोठी होती. याचे कारण पोर्तुगीज राजवटीतील चर्चशाळांमध्ये सापडते. गोव्यातील गावोगावच्या चर्चशाळांत मुलांना स्वरलिपीवाचन, व्हायोलिनवादन आणि समूहगायन शिकविले जाई. समूहगायनामुळे स्वरसंवादाचे संस्कार लहानपणीच होत. पोटासाठी गाव सोडून आलेले हे वादक मुंबईत धोबीतलाव परिसरात आपापल्या गावाच्या 'कुडीं'मध्ये, म्हणजे सामाईक निवासांत, राहत. संस्थानिकांची बँडपथके, मूकपटांची चित्रपटगृहे, जहाजे आणि हॉटेले ही त्यांच्या उपजीविकेची ठिकाणे होती.

तथापि, स्वरलिपीवाचन आल्याने जॅझ येत नाही. चर्चशाळेने जे शिकविले होते ते कागदावरचे होते. स्विंग, ब्लू नोट आणि उपज या तिन्ही गोष्टी कागदाबाहेरच्या होत्या. त्या ध्वनिमुद्रिका पुन्हा पुन्हा ऐकून आणि अमेरिकन वादकांच्या शेजारी बसून आत्मसात कराव्या लागल्या. आपल्याकडील गुरुमुखातून विद्या घेण्याच्या पद्धतीशी याचे साम्य आहे. हळदोणे येथील आंतोनियो झेवियर वाझ (१९१६–१९६७) हे 'चिक चॉकलेट' या नावाने ट्रम्पेटवादक म्हणून विख्यात झाले आणि भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणून ओळखले गेले. मिकी कोरिया यांनी १९३९ पासून सुमारे दोन दशके ताजमधील वाद्यवृंदाचे नेतृत्व केले. फ्रँक फर्नांड यांनी ट्रम्पेटवादनात नाव मिळविले आणि पुढे 'आमचें नशीब' (१९६३) या कोंकणी चित्रपटाची निर्मिती केली.

स्वातंत्र्यानंतर युरोपीय श्रोतृवर्ग ओसरला. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू झाल्यावर रात्रीच्या करमणुकीच्या व्यवसायाला उतरती कळा लागली. परिणामी अनेक वादक चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाकडे वळले.

जॅझकडून चित्रपटसंगीताकडे :

या संक्रमणात सी. रामचंद्र यांचे नाव महत्त्वाचे आहे. रामचंद्र नरहर चितळकर (१९१८–१९८२) यांचा जन्म गोदावरीकाठच्या पुणतांब्याचा, म्हणजे तत्कालीन अहमदनगर व आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील. हीच गोदावरी पुढे बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहते. गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेला हा संगीतकार 'शहनाई' (१९४७), 'अलबेला' (१९५१) आणि 'आशा' (१९५७) या चित्रपटांतून पाश्चात्त्य नृत्यलयी सामान्य श्रोत्यापर्यंत नेतो, ही घटना लक्षणीय आहे. चिक चॉकलेट हे त्यांचे सहायक व संयोजक होते. 'आशा' मधील 'ईना मीना डीका' या गीतात स्कॅट गायनाची रीत हिंदी चित्रपटात उतरली.

ध्वनिमुद्रणाची कार्यपद्धती समजून घेतल्यास वादकांचे योगदान अधिक स्पष्ट होते. संगीतकार चाल हार्मोनियमवर गुणगुणून ऐकवी. ती रागाधारित, एकपदरी असे. संयोजक तिची स्वरलिपी करी, व्हायोलिन, चेलो, ट्रम्पेट, सॅक्सोफोन आदी प्रत्येक वाद्यगटासाठी स्वतंत्र स्वरपंक्ती लिही आणि ओळींच्या मधल्या संगीताची रचनाही अनेकदा त्याच्याच हातून होई. रागाच्या चालीखाली कॉर्ड कोणत्या ठेवायच्या, हा येथील कळीचा प्रश्न होता. चुकीची कॉर्ड ठेवल्यास षड्ज हललेला भासतो आणि रागाची छाया नष्ट होते. कॉर्ड न ठेवल्यास मोठा वाद्यवृंद निष्क्रिय राहतो. यावर शोधलेली तोड म्हणजे गायकाच्या सुरावटीखालून वाहणारी स्वतंत्र प्रतिस्वररेषा. सेबास्टियन डिसोझा (१९०६–१९९८) या तंत्रासाठी विशेष प्रसिद्ध आहेत. फाळणीपूर्वी ते लाहोरच्या हॉटेलात वाद्यवृंद चालवीत. मुंबईत आल्यावर १९५० च्या दशकाच्या प्रारंभापासून त्यांनी शंकर-जयकिशन यांच्यासाठी दीर्घकाळ संयोजन केले.

हे सर्व ७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूस मावणाऱ्या, जेमतेम साडेतीन मिनिटांच्या अवधीत बसवावे लागे. रागाची अचलता, जॅझचा झोक आणि सिंफनीची लिखित शिस्त ही तिन्ही अंगे त्या साडेतीन मिनिटांत एकत्र नांदतात. ऐकणाऱ्याला त्यांपैकी काहीही जाणवत नाही, त्याच्या ओठांवर फक्त चाल राहते. जटिलता लपविणे हेच येथील कौशल्य होते आणि लपविण्यात आलेल्या यशामुळेच ते संगीत 'सोपे' गणले गेले.

श्रेणी आणि श्रेय :

१९५२ मध्ये बा. वि. केसकर केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताविषयीच्या आस्थेतून त्यांनी आकाशवाणीवर रागसंगीताला मोठे स्थान दिले, आणि त्याचे मोल आजही मान्य करावे लागते. त्याच वेळी चित्रपटगीते मात्र आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. त्यांतील पाश्चात्त्य लयी हा आक्षेपाचा एक प्रमुख मुद्दा होता. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, आणि अखेरीस १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. अभिरुचीची श्रेणी धोरणात उतरली की काय घडते, याचे हे उदाहरण आहे.

या श्रेणीची झळ वादकांना तिन्ही बाजूंनी लागली. शास्त्रीय संगीताच्या दृष्टीने ते 'परके' होते, जॅझच्या शुद्धतावादी रसिकांच्या दृष्टीने त्यांनी चित्रपटासाठी तडजोड केली होती, आणि चित्रपटव्यवसायाच्या दृष्टीने ते रोजंदारीवरचे कारागीर होते. श्रेयनामावलीत संयोजकाचे नाव 'सहायक' म्हणून येई, वादकांचे बहुधा येतच नसे. ग्रेगरी बूथ यांनी 'बिहाइंड द कर्टन' (२००८) या ग्रंथात वृद्ध वादकांच्या मुलाखतींच्या आधारे हा इतिहास नोंदविला. तोपर्यंत त्या पिढीतील अनेक जण काळाच्या पडद्याआड गेले होते.

या संदर्भात अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांचे उदाहरण उद्बोधक आहे. माजोर्डा येथील हे व्हायोलिनवादक व संयोजक प्यारेलाल यांचे गुरू. १९५८ मध्ये त्यांनी भारतीय वादकांचा सिंफनी वाद्यवृंद उभा करून मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात रागाधारित सिंफनी रचना सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात सहभागी होते. १९६५ मध्ये ते अमेरिकेस गेले आणि चित्रपटव्यवसायातून बाहेर पडले. पुढे 'अमर अकबर अँथनी' (१९७७) या चित्रपटातील गीतात प्यारेलाल यांनी गुरूचे नाव योजिले. त्यामुळे ते नाव देशभर पोहोचले, पण एका विनोदी पात्राचे नाव म्हणून. त्या नावाची व्यक्ती खरोखर होती आणि तिने राग व सिंफनी यांचा मेळ घालण्याचा यत्न केला होता, हे बहुतेक श्रोत्यांना ठाऊकही नव्हते.

संगमाचे जाणीवपूर्वक प्रयोग :

जॅझ आणि भारतीय संगीत यांच्या सामीप्याची जाणीव हळूहळू दोन्ही बाजूंना झाली. १९५२ मध्ये निरंजन झवेरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतून 'ब्ल्यू ऱ्हिदम' हे जॅझविषयक नियतकालिक काढले. १९५८ मध्ये डेव्ह ब्रुबेक यांचा चमू आणि १९६३ मध्ये ड्यूक एलिंग्टन यांचा वाद्यवृंद भारतात येऊन गेला, आणि दोघांच्याही पुढील रचनांत या दौऱ्यांचे पडसाद उमटले. १९६८ मध्ये शंकर-जयकिशन यांनी सतारवादक रईस खाँ यांच्यासह 'रागा जॅझ स्टाइल' ही ध्वनिमुद्रिका काढली. मुंबईत जन्मलेले गोमंतकीय गिटारवादक अमान्सियो डिसिल्व्हा यांनी १९६९ मध्ये इंग्लंडमध्ये 'इंटिग्रेशन' हा संग्रह सादर केला, तर सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस यांनी रागाधारित जॅझचा मार्ग भारतातच राहून चोखाळला. १९७८ मध्ये झवेरी यांच्या पुढाकाराने मुंबईत पहिली 'जॅझ यात्रा' भरली आणि सॉनी रॉलिन्स तीत वाजविण्यासाठी आले.

हे सर्व प्रयोग सारखेच यशस्वी झाले असे म्हणता येणार नाही. काही ठिकाणी राग केवळ स्वरसप्तकापुरता उरला, तर काही ठिकाणी जॅझ केवळ ठेक्यापुरता. ज्या वादकांना दोन्हीकडील जटिलतेची स्थाने नेमकी कळली होती, त्यांच्याच हातून टिकाऊ काम झाले, असे आढळून येते.

समारोप आणि निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. जॅझ संगीत इतरांपेक्षा अधिक जटिल आहे की कमी, हा प्रश्न अशा रूपात विचारणे योग्य नाही. जॅझची जटिलता बदलत्या स्वरसंवादावर तत्क्षणी उपज करण्यात व मात्रेच्या अंतर्गत झोकात आहे. हिंदुस्थानी संगीताची जटिलता अचल षड्जावरील सूक्ष्म स्वरविस्तारात व तालाच्या गणितात आहे. पाश्चात्त्य अभिजात संगीताची ती लिखित बहुपदरी रचनेत आहे, तर चित्रपटसंगीताची या सर्वांच्या संक्षेपात.

२. मुंबईचे गोमंतकीय वादक हे या निष्कर्षाचे ऐतिहासिक प्रमाण होत. चर्चशाळेतील लिखित शिस्त, हॉटेलातील जॅझ आणि ध्वनिमुद्रणगृहातील रागाधारित चाल या तीन भिन्न जटिलता त्यांनी एकाच आयुष्यात आत्मसात केल्या.

३. जटिलतेला एकमितीय श्रेणी मानल्यामुळे कोणत्याही एका कोटीत न बसणाऱ्या या वादकांची नोंद इतिहासात अपुरी राहिली. उणीव त्यांच्या कलेत नव्हती, आपल्या मोजपट्टीत होती.

मराठवाड्यासारख्या प्रदेशाचा या इतिहासाशी काय संबंध, असा प्रश्न उपस्थित होऊ शकतो. ताजमधील नृत्यगृह येथील श्रोत्यांनी पाहिले नव्हते, परंतु तेथे घडलेल्या ट्रम्पेटचा सूर रेडिओवरून गेवराई, माजलगाव, आष्टी, पाटोद्यापर्यंत आला. लग्नाच्या वरातीतील बँडपथकांनी तो कानाने उचलला. स्वरलिपीचे शिक्षण न मिळालेला क्लॅरिओनेटवादक जेव्हा चित्रपटगीताच्या मधले संगीत जसेच्या तसे वाजवितो, तेव्हा तो कोणा गोमंतकीय संयोजकाने लिहिलेली स्वरपंक्ती वाजवीत असतो. ती कोणी लिहिली हे त्याला माहीत नसते, आणि त्याचे नावही कोणी लिहून ठेवीत नाही. मुंबईच्या वादकांच्या मुलाखती घेण्यास उशीर झाला. जिल्ह्यातील बँडपथके, संबळवादक आणि ढोलकीपटू यांच्या बाबतीत तसा उशीर होऊ नये, यासाठी महाविद्यालयांतील इतिहास, मराठी व संगीत विभागांनी मौखिक इतिहासाच्या नोंदी एकत्रितपणे हाती घेणे अगत्याचे आहे.